डॅफोडिलची लाळ

२ मार्च

आत्या, नमस्कार.

बाळंतपणानंतर ताईची तब्येत आता कशी आहे? बाळ कोणावर गेले आहे ते कळव. इकडे दुकान सुरळीत चालू आहे. 'काळजी करू नकोस' असे लिहिणार होतो, पण तू म्हणशील, असे लिहिणारेच काळजी लावतात. म्हणून जे आहे ते सरळ लिहितो.

मागच्या खोलीतली मोरी तुंबली होती. जाळी मी चिमट्याने उचलली. खालून जे निघाले त्याला काय म्हणावे मला कळत नाही. कुजलेली पाने, सुतळीचे तुकडे, आणि या सगळ्याला एकत्र धरून ठेवणारे काहीतरी राखाडी आणि मऊ, जे उचलले की लांबत जाते पण तुटत नाही. मी दोनदा बाहेर जाऊन श्वास घेऊन आलो. गिऱ्हाईक दुकानात शिरते, डोळे मिटते आणि "अहाहा" म्हणते. त्यांना एकदा मागे आणून ही जाळी हुंगायला द्यावी, असे माझ्या मनात येते.

डॅफोडिलच्या पेट्या आल्या. कळ्या मिटलेल्या, माना खाली घातलेल्या, तू मागवतेस तशाच. काकांनी देठ कापले तेव्हा मी शेजारी उभा होतो. कापल्या जागेतून जे गळते ते पाहिल्यावर मला जेवण गेले नाही. काका त्याला 'लाळ' म्हणतात. मी शेंबूड म्हणेन. पारदर्शक आणि तार धरणारा. वरून एवढे देखणे फूल आणि आत हा ऐवज.

आता काकांविषयी. तू म्हणशील, आला मुद्द्यावर. मी दुकानात लागलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते आपल्याकडे गुच्छ बांधतात, त्यामुळे तुला आता ते दिसत नसेल. मला दिसते. त्यांचे नाक बारा महिने वाहते आणि ते पुसायला त्यांच्याकडे एप्रन हा एकच रुमाल आहे. हातांच्या बोटांना भेगा आहेत, भेगांतून पाणी येते, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या असतात आणि त्या चिंध्यांसकट ते फुलांना हात लावतात. त्यांच्या कपाच्या आत तपकिरी रंगाची कडा धरली आहे. ते चहा इतक्या जोरात ओढतात की एकदा गिऱ्हाईक दचकून मागे वळले. मोरीच्या वर मी पुठ्ठ्यावर लिहून लावले, 'हात धुतल्याशिवाय टेबलाला स्पर्श करू नये.' काकांनी वाचले आणि विचारले, "टेबलानं तक्रार केली का?"

तू सांगितल्याप्रमाणे मी माझी भाड्याची खोली तात्पुरती बंद करून तुझ्या वरच्या खोल्यांत झोपायला आलो आहे. पण तिथल्या न्हाणीघरात एक कंगवा सापडला. त्यात आखूड पांढरे केस होते. ते तुझे नाहीत. याचा अर्थ तू नसताना किंवा असतानाही काका वर जाऊन तुझे न्हाणीघर वापरतात. कंगवा मी कागदात गुंडाळून ठेवला आहे. आतल्या खोलीतल्या गादीलाही कसलासा तेलाचा वास येतो. ती मी उन्हात टाकली आणि उशीची खोळ उकळली. कंगव्याचे काय करू?

मोठ्या हॉटेलचे काम येत्या सोमवारपासून सुरू होते आहे. स्वागतकक्षातल्या सगळ्या फुलदाण्यांत पिवळी डॅफोडिल आणि लाल ट्यूलिप. तिथे मी एकटाच जाणार. काकांना तिकडे नेण्याचा प्रश्नच नाही.

तुझा भाचा

•

७ मार्च

माझ्या टापटिप्या,

बाळ कोणावर गेलंय ते अजून कळत नाही, सध्या तरी ते एखाद्या रागावलेल्या म्हाताऱ्यावर गेल्यासारखं दिसतं. तुझ्या डॅफोडिलला काय लाळ असेल, आमच्याकडे खांदा सुकतच नाही. ताई बरी आहे. झोप नाही, म्हणून चिडते. मी तिच्यावर चिडते, बाळ आम्हा दोघींवर चिडतं, असं छान चाललंय.

मोरी साफ केलीस ते उत्तम. ती राखाडी वस्तू मी पंधरा वर्षं हाताने काढत आलेय. फुलं म्हणजे पाण्यात उभं केलेलं कुजणं. आपण ते चार दिवस लांबवतो आणि त्याचे पैसे घेतो. हे ज्याला जमत नाही त्यानं कागदाची फुलं विकावीत.

हॉटेलचं काम जपून कर. लग्नाचे महिने संपले की त्या एका कामावर आपलं दुकान उभं राहतं, हे तुला ठाऊक आहे. डॅफोडिल कापली की रात्रभर एकटी ठेवायची, वेगळ्या बादलीत, थोड्याच पाण्यात. त्यांची लाळ गळून जाऊ दे. तीच पाण्यात ट्यूलिपला बाधते. सकाळी ते पाणी फेकायचं आणि मग दोन्ही एकत्र बांधायची. हे काकांना सांगायला लागत नाही, तुला सांगतेय. ट्यूलिप कापल्यावरही वाढतात आणि उजेडाकडे वळतात, म्हणून त्यांना रात्री कागदात गुंडाळून उभी कर, नाहीतर सकाळी सगळ्या खिडकीतून रस्ता बघताना सापडतील.

कंगवा आहे तिथे ठेव. गादी उन्हात टाकलीस, बरं केलंस, पण खोळ कशाला उकळलीस? आणि काकांच्या कपाला हात लावू नकोस. ज्याचा कप त्याला गोड.

त्यांच्या हातांवर तर काही बोलूच नकोस. मी आल्यावर आपण सगळंच बोलू. बोलायचं आहे मला तुझ्याशी.

आत्या

•

१२ मार्च

आत्या,

तू आल्यावर बोलू म्हणतेस, पण गोष्ट तोवर थांबणारी नाही.

हॉटेलातल्या ट्यूलिप मेल्या. कोमेजल्या असे मी म्हणत नाही. कोमेजणे मी पाहिले आहे. सोमवारी सकाळी ठेवल्या, बुधवारी माना टाकून फुलदाणीच्या काठावरून खाली लोंबत होत्या. पाकळ्या ओल्या कागदासारख्या झालेल्या. पाणी गढूळ आणि दाट. मी बोट घातले आणि बाहेर काढले तेव्हा पाणी बोटाबरोबर वर आले. मॅनेजर बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे लोक सुट्टीला येतात हो. हे बघायला नाही." मला जमीन दुभंगावी असे झाले.

यात माझ्याकडून कसूर नाही, हे तुला पटावे म्हणून मी काय करतो ते लिहितो. डॅफोडिल काका कापतात, ती रात्रभर वेगळी राहतात. हे तू सांगतेस तसेच. सकाळी मी दोन्ही फुले हॉटेलात नेऊन लावतो. त्यानंतर रोज सकाळी, हॉटेलातले पाहुणे उठायच्या आत, मी तिथे जातो. रबरी हातमोजे घालतो. एकेक फूल बाहेर काढतो, देठाला लागलेला बुळबुळीतपणा कपड्याने पुसतो, प्रत्येक देठ खालून बोटभर तिरका कापतो, फुलदाणी साबणाने घासतो, ताजे पाणी भरतो आणि फुले परत लावतो. डॅफोडिल आणि ट्यूलिप, एकही देठ सुटत नाही. याहून स्वच्छ काय असू शकते? हॉटेलातल्या स्वयंपाकघरातसुद्धा इतके कोणी करत नसेल.

मग उरते काय? उरतात हात. फुले ज्या हातांतून माझ्याकडे येतात ते हात.

मी काल ते नीट पाहिले. काकांनी चिंधी सोडली होती. अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची त्वचा लाल, सोललेली, नखांच्या कडेला भेगा, त्यात काहीतरी पिवळसर वाळलेले. हे संसर्गाचे आहे. या हातांनी ते ट्यूलिपचा देठ चेपून धरतात. मी विचारले, "काका, डॉक्टरला दाखवलंत का?"

"डॉक्टर म्हणाला, धंदा बदला. मी म्हटलं, तू बदल."

नंतर ते हॉटेलविषयी काही विचारायला माझ्या मागे मागे आले. "तिथं तू देठ—" एवढे म्हणाले आणि त्यांना शिंक आली. नाकाखाली थेंब लोंबत राहिला. तो पडेल की पुसला जाईल, हे पाहत थांबणे मला शक्य नव्हते. मी उठून बाहेर गेलो.

आत्या, त्यांना आता विश्रांती दे. मी वाईट शब्द वापरत नाही. एक शब्द लिही, 'हो'. पुढचे मी बघतो.

तुझा भाचा

•

१६ मार्च

टापटिप्या,

घाईत लिहितेय. बाळाला ताप आहे, ताई रडतेय, मी उभ्यानं चहा पितेय.

तुझं पत्र आलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचायला घेतलं आणि बाळानं त्याच्यावर सगळं दूध उलटून काढलं. तू असतास तर बेशुद्ध पडला असतास. पान धुवायला गेले तर शाई गेली. ट्यूलिप मेल्या आणि तुझी जमीन दुभंगली इथपर्यंत कळलं. पुढे एक 'हात' दिसतोय आणि एकदम खाली 'हो' दिसतोय. कशाला हो म्हणू?

ट्यूलिप दोन दिवसांत अशी मरत नाही. काहीतरी गडबड आहे. तू हॉटेलात नेमकं काय करतोस ते सगळं परत लिही, अगदी बारीकसारीक. आणि मी येईपर्यंत दुकानात काही म्हणजे काही बदलू नकोस. माणसं तर नाहीच नाही.

आत्या

•

१८ मार्च

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली. आले नाही. दुसऱ्या सोमवारच्या ट्यूलिपही आज आडव्या झाल्या आणि मॅनेजर बाईंनी मला स्वागतकक्षात पाहुण्यांसमोर थांबवून घेतले. त्यामुळे मी निर्णय घेतला. दुकान तू माझ्यावर सोपवले आहेस.

काका टेबलाशी बसून सुतळी तोडत होते. मी अहोजाहो सोडले नाही, हे तुला माहीत असावे.

"काका, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"उद्या पेट्या यायच्यात."

"मी बघीन."

"डॅफोडिल कोण कापणार?"

"मी."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. "नको रे," म्हणाले, "चांगले हात आहेत तुझे."

मला तो टोमणा वाटला. मी म्हणालो, "म्हणूनच."

त्यांनी हातातली सुतळी टेबलावर ठेवली. मग विचारले, "बाईंना विचारलंस?" मी म्हणालो की तुला विचारायची गरज नाही. त्यांनी मान हलवली, एप्रन काढला, त्याची घडी घातली. घडी! त्या एप्रनची! सुरी पुसून खिशात ठेवली. जिन्याकडे पाहून म्हणाले, "वर माझं थोडं..." आणि थांबले.

"वर तुमचं काय?"

"काही नाही. राहू दे."

गेले. भांडण नाही, शिवीगाळ नाही. मला वाटले होते तितके अवघड गेले नाही.

त्यांच्या मागे मी टेबल उकळत्या पाण्याने धुतले, एप्रन जाळला. कप चिमट्यात धरून मागच्या खिडकीबाहेर ठेवला आहे. तो फेकायचा की पोचवायचा, हे ठरले नाही. दुकानात आता फक्त साबणाचा वास येतो. पहिल्यांदाच मला तिथे बसून जेवता आले.

तुझा भाचा

•

२२ मार्च

आत्या,

तुझे १६ तारखेचे पत्र मला माझे पत्र टाकल्यानंतर मिळाले. 'माणसं तर नाहीच नाही' हे मी वाचले. आता उशीर झाला आहे. रागावू नकोस, आधी पुढचे वाच, कारण मला भीती वाटते आहे.

मला ते लागले आहे. काकांचे.

डॅफोडिलच्या सगळ्या पेट्या मी एकट्याने कापल्या. हातमोज्यांत सुरी घसरते, म्हणून ते काढून ठेवले. लाळ मनगटापर्यंत ओघळत होती. मी प्रत्येक मूठ कापल्यावर हात धुतले. दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांना खाज सुटली. आज अंगठा लाल आहे, नखाच्या कडेला बारीक फोड आले आहेत, एक फुटला आणि त्यातून पाणी आले. हुबेहूब तेच. त्यांनी धरलेली सुतळी किंवा बादलीची कडी, कुठूनतरी ते माझ्याकडे आले आहे. मी चमच्याने जेवतो. चेहरा धुवायला मनगट वापरतो. स्वतःचा हात स्वतःच्या तोंडाजवळ आणायचा म्हटले तरी शिसारी येते. रात्री तो पांघरुणाबाहेर ठेवून झोपतो, जणू दुसऱ्या कोणाचा आहे. दुकानात एक बाई सुटे पैसे घेताना माझ्या अंगठ्याकडे पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "टेबलावरच ठेवा ना." मी ठेवले.

आणि ट्यूलिप अजून मरत आहेत. हे मला समजत नाही. काका गेले, एप्रन गेला, टेबल धुतले, आणि तरी फुलदाणीतले पाणी तसेच तार धरते. मॅनेजर बाई म्हणाल्या, पुढचा सोमवार शेवटचा.

तू परत लिहायला सांगितलेस म्हणून लिहितो. डॅफोडिल रात्रभर वेगळी ठेवतो. सकाळी ट्यूलिपबरोबर हॉटेलात लावतो. मग रोज पहाटे सगळी फुले बाहेर काढतो, देठ पुसतो, प्रत्येक देठ बोटभर कापतो, पाणी बदलतो, परत लावतो. एकही दिवस चुकवलेला नाही. उलट शनिवारपासून दिवसातून दोनदा करतो.

काय करू ते सांग. डॉक्टरकडे जायची मला लाज वाटते. तो विचारेल, कोणाचे लागले.

तुझा भाचा

•

२५ मार्च

अरे गाढवा,

तुझं पत्र आम्ही दोघांनी वाचलं. मी आणि काकांनी. तो इथे आहे. तू हाकललंस त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभा होता, हातात एक पिशवी. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "बाळ बघायला आलो." चार दिवस त्यानं तुझं नाव काढलं नाही. तुझं १८ तारखेचं पत्र आलं तेव्हा मला कळलं.

पहिल्यांदा ट्यूलिप. देठ कापून डॅफोडिल रात्रभर एकटं ठेवलं की लाळ गळते आणि देठाचं तोंड बंद होतं. मग त्याला कोणाच्याही शेजारी बसव, ते कोणाचं वाकडं करत नाही. फक्त पुन्हा कापायचं नाही. कापलं की तोंड उघडतं. बाकी सगळ्या फुलांना रोज कापलेलं आवडतं, याला नाही. तू रोज पहाटे उठून, हातमोजे घालून, एकेकाचं तोंड उघडत होतास, आणि ती लाळ ट्यूलिपला पाजत होतास. तिचा देठ आतून तुंबतो, पाण्यात उभी राहून ती तहानेनं मरते. शनिवारपासून दिवसातून दोनदा! हे तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं, कारण इतकी वर्षं ते सांगावं लागलं नव्हतं. जिथे तो असतो तिथे सांगावं लागत नाही. आणि त्याला शंका आली होती. हॉटेलात देठ कापतोस का, हेच विचारायला तो तुझ्या मागे आला होता. तू त्याच्या नाकाकडे बघत बसलास आणि उठून गेलास.

आता हात. तुला कोणाचं काही लागलेलं नाही. ती त्याच लाळेची खाज आहे. डॅफोडिल कापणाऱ्या प्रत्येकाला होते. मला पहिल्याच वर्षी झाली होती, तुझ्यासारखीच. तेव्हापासून त्यानं मला एक पेटी कापू दिली नाही. तुलाही नाही. तू दुकानात आल्यापासून कधी डॅफोडिलच्या पेटीला सुरी लावलीस? नाही ना? तुला वाटलं, कामाची वाटणी आहे. साधं मलम मिळतं, ते लाव आणि हात कोरडे ठेव. चार वेळा साबणानं धुतलंस तर आणखी चिघळेल. हे तो सांगतोय. मी नुसती लिहितेय.

आता तिसरं. हे तोंडावर सांगायचं होतं.

कंगवा त्याचाच आहे. गादी त्याची आहे. ज्या खोलीत तू झोपतोस ती आमची खोली आहे. आम्ही लग्न केलंय, गेल्या वर्षी, कचेरीत जाऊन, ताईच्या आणि जावईबापूंच्या साक्षीनं. मी इकडे यायला निघाले तेव्हा दुकानावर तू राहावंस असं मीच म्हटलं. तू वर झोपायला येणार म्हणून तो त्याच्या जुन्या भाड्याच्या खोलीत गेला. मी म्हटलं, सांगून टाकू या पोराला. तो म्हणाला, नको, त्याला किळस येईल, हळूहळू सांगू. तुला समजतंय का? स्वतःच्या घरातून माणूस बाहेर झोपायला गेला, तुझं जेवण जावं म्हणून.

मी तुला का सांगितलं नाही, ते लिहिते. तू त्याच्या कपाकडे बघतोस ना, तसा तू माझ्याकडे बघशील अशी मला धास्ती होती. तुझा बाप गेल्यापासून तुला मी वाढवलं. तुझी उलटी, तुझं नाक, तुझे खरजेचे हात, सगळं या हातांनी काढलं. त्याची मला कधी किळस आली नाही. तुझं १८ तारखेचं पत्र वाचलं, 'घडी! त्या एप्रनची!' आणि मला पहिल्यांदा तुझी किळस आली. लिहायचं नव्हतं. पण तू स्वच्छ लिहितोस, मग मीही स्वच्छ लिहिते.

बाळाचा ताप उतरला. सध्या ते त्याच्याच मांडीवर आहे आणि त्याचं बोट चोखायला बघतंय. तो बोट लपवतोय.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं येतोय. दोघं. तो परत येईल की नाही हा प्रश्न नाही, दुकान त्याचंही आहे. तू राहतोस की नाही, हा प्रश्न आहे. तो म्हणतो राहू दे. मी अजून काही म्हटलेलं नाही.

आत्या

•

२९ मार्च

आत्या, आणि काका,

पत्र मी उभ्याने वाचले, मग बसून वाचले. त्यानंतर मी दोन पेल्यांत पाणी भरले.

तुमच्यावर विश्वास नव्हता असे नाही. मला पाहायचे होते. दोन्हीत एकेक ट्यूलिप आणि एकेक डॅफोडिल ठेवले, सगळी आधी रात्रभर वेगळी ठेवलेली. उजवीकडचे डॅफोडिल पुन्हा कापले, डावीकडचे नाही. डावीकडची ट्यूलिप अजून उभी आहे आणि खिडकीतून रस्ता बघते. उजवीकडच्या पेल्याविषयी मी लिहीत नाही. त्याचे वर्णन मी याआधीच केले आहे आणि दरवेळी कोणाच्या तरी नावावर केले आहे.

हॉटेलात गेलो. मॅनेजर बाईंना सांगितले की फुलांचा दोष नव्हता आणि बांधणाऱ्यांचाही नव्हता, मी देठ कापत होतो. त्यांना आधी कळेना. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही जास्तच केलंत?" मी हो म्हणालो. त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी ते खिशात घातले नाहीत. सोमवारची फुले त्या ठेवून घेतील, पण एकदा लावल्यावर मी त्यांना हात लावायचा नाही अशी त्यांची अट आहे. शनिवारपर्यंत टिकली तर काम आपल्याकडे राहील. आधीची ज्यांनी बांधली त्यांना एकदा घेऊन या, असेही म्हणाल्या. मी म्हणालो, विचारतो. आता विचारतो आहे.

वरच्या खोल्या मी रिकाम्या केल्या आणि माझ्या खोलीवर परत गेलो. कंगवा न्हाणीघरात होता तिथे ठेवला आहे. त्यातले केस मी काढले नाहीत. काढायचे की नाही, हे मला ठरवता आले नाही. एप्रन परत आणता येणार नाही. नवा घेतला आहे. तो फार पांढरा आहे, काकांना आवडणार नाही.

मोरीवरचा पुठ्ठा काढला.

कप खिडकीबाहेर होता. त्यात पावसाचे पाणी साचले होते आणि एक माशी. मी चिमटा शोधला आणि मग ठेवून दिला. हातमोज्यांशिवाय धुतला. साबण भेगांत गेला तेव्हा डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे रोज ते पाण्यात हात कसे घालत असतील, एवढेच मनात आले. किळस गेली असे मी लिहिणार होतो. गेलेली नाही. कपाला तोंड लागायची जागा कुठली, हे मला दिसत होते, आणि माझा अंगठा त्यावरून फिरत होता. आत्या, तुला माझ्याविषयी जे वाटले ते खरे आहे. ते तुझ्या मनातून कसे जाईल मला माहीत नाही. माझ्या मनातून माझे गेले नाही, तर तुझ्या मनातून तुझे जावे असे मी कसे म्हणू?

काका, उद्या पेट्या येतील. डॅफोडिल मी कापीन. मलम लावून, कोरड्या हातांनी. तुम्ही आल्यावर बाजूला बसा आणि चूक दिसली की ओरडा. शिंक आली तरी बोला. मी उठणार नाही.

कप टेबलाच्या वरच्या खिळ्याला अडकवला आहे, होता तिथेच. बाहेरून पांढरा झाला. आतली तपकिरी कडा मात्र निघाली नाही. सोड्याने घासली, मिठाने घासली, आणखी जोर लावला असता तर कदाचित निघालीही असती.

मी घासणे थांबवले.

तुमचा भाचा